गार असताना

पहाटे साडेचारला चावी फिरवली की सुरू व्हायचं:
टक टक टक टक,
कुणी नखानं पत्र्याचा डबा वाजवावा तसं.
मणेराजुरीत तेव्हा कुत्रीसुद्धा पाय पोटाशी घेऊन असतात.
पिकअपच्या हौद्यात दुधाचे रिकामे कॅन, बावीस.
आधी ते हलतात, मग मी.

तासगावच्या गॅरेजवाल्यानं टॅपेट सेट केले, नऊशे घेतले.
सावळजच्यानं ऑइल बदललं, म्हणाला, जाड घाला.
एकानं इंजेक्टर काढून धुतले.
एकानं नुसतंच बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं
आणि बॉनेट लावलं.
त्यानं पैसे घेतले नाहीत.
त्यातल्या त्यात तोच मला खरा वाटला.

मिरजेला दस्तगीर मिस्त्रीकडं तीनदा गेलो.
पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आवाज गायब.
डॉक्टरपुढं बसल्यावर दाढ थांबते, तसं.
"कुठाय?" मिस्त्री विचारायचा.
मी तोंडानं काढून दाखवायचो, टक टक टक.
पाने हातात धरून पोरं हसायची.
तिसऱ्या खेपेला त्यानं पोरांना गप केलं, म्हणाला,
"किती वाजता? किती गार असताना? किती मिनिटं?"
आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

माघातल्या एका शनिवारी
शेवटच्या यष्टीनं मिस्त्री गावात उतरला.
खांद्याला पिशवी. पिशवीत टॉर्च, पाने,
आणि हातभर रबरी नळी.
विजयमालानं पिठलं केलं, त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.
अंथरूण सोप्यात घातलं होतं, तर नको म्हणाला,
"पेशंटपाशी झोपतो."
कॅन बाजूला सारून, दोन घोंगडी घेऊन, हौद्यातच आडवा.
रात्री दोनदा मी उठून बघितलं.
दुसऱ्यांदा म्हातारा बॉनेटवर पालथा हात ठेवून उभा होता,
ताप उतरला का बघावं तसा.

साडेचार.
"मार आता."
टक टक टक टक.
नळीचं एक टोक त्यानं कानात घातलं,
दुसरं इंजिनाभोवती फिरवत गेला, घाई न करता,
वरून, बाजूनं, मग पार मागं,
जिथं धड हात मावत नाही.
तिथं नळी थांबली.
टॉर्च लावला. मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा डाग,
बाळाच्या गालावरच्या तिटेएवढा.
स्टड आतल्या आत तुटलेला.

"गार असताना फट उघडी. तिथनं वारं सुटतंय, टक टक.
तापलं की लोखंड फुगतं, फट मिटती.
मग तू माझ्याकडं येतोस."

मी हसलो. तो हसला नाही,
त्याचा कान अजून नळीतच होता.
आवाज बारीक होत गेला, सहाव्या मिनिटाला संपला,
तशी त्यानं मान डोलावली,
सतारीची जवारी लागली की मिरजेत डोलावतात तशी.

तुटका स्टड ड्रिलनं काढायला दोन दिवस गेले.
गॅस्केट कोल्हापूरहून आलं.
बिल अकराशे चाळीस.
यष्टीचं तिकीट त्यानं त्यात धरलं नाही.

बुधवारी पहाटे चावी फिरवली.
नुसती गुरगुर, सपाट.
कॅन हलले, मी निघालो.
दहाला परत आलो तर विजयमाला चहा ठेवता ठेवता म्हणाली,
"कवा गेलासा?"
"साडेचारलाच की."
"कळलंच न्हाई.
रोज टकटक ऐकू यायची. वेशीच्या चढाला बारीक व्हायची,
वढ्याचा पूल आला की संपायची.
मग मी कूस बदलायची.
आज उजाडस्तोवर वाटलं, गाडी दारातच हाय."

मी बशीत चहा ओतला. काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पुलावर पोचल्यावर हॉर्न दिला,
एकदाच, आखूड.
सगळ्या गावातली कुत्री उठली.